हत्यारसंच, जुन्या क्रीडा मोटारगाड्यांचे

मोटारगाडी कारखान्यातून बाहेर पडताना उत्पादकाने तिच्याबरोबर दिलेली हत्यारे, जॅक, हवेचा पंप व तत्सम साधने यांच्या समूहाला त्या गाडीचा मूळ हत्यारसंच म्हणतात. ही साधने बहुधा चामड्याच्या, मेणकापडाच्या वा रेक्झिनच्या गुंडाळपिशवीत, पत्र्याच्या पेटीत किंवा गाडीच्या अंगातच केलेल्या खाचांत बसविलेली असतात. गाडीचे इंजिन, सांगाडा व बाह्यांग यांप्रमाणे हत्यारसंच तिला पक्का जोडलेला नसतो. त्यामुळे गाडीपासून तो सर्वांत आधी दुरावतो आणि संग्राहकाला सर्वांत शेवटी सापडतो. गेल्या काही दशकांत जुन्या क्रीडा मोटारगाड्यांच्या संग्रहाला शास्त्रीय शिस्त आली, तसतसे मूळ हत्यारसंच शोधणे, ओळखणे व जतन करणे हे एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र बनले आहे.

‘जुनी’ या विशेषणाचा अर्थ देशपरत्वे बदलतो. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या परंपरेनुसार १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच ‘व्हिंटेज’ म्हणतात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे वा त्याहून अधिक जुन्या, खाजगी वापराच्या आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना हे नाव लागू होते. प्रस्तुत नोंदीत हा शब्द व्यापक अर्थाने घेतला असून साधारणतः १९२० ते १९७० या काळातील क्रीडा गाड्यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात रस्त्यावर दुरुस्ती करणारे कारागीर विरळ होते. टायर वारंवार फुटत, ठिणगी गुडद्यांवर (स्पार्क प्लगांवर) काजळी धरे आणि सांध्यांना दर काही शे किलोमीटरांनंतर ग्रीस द्यावे लागे. म्हणून गाडीबरोबर दिलेली हत्यारे ही शोभेची वस्तू नसून गाडीचा कार्यकारी भागच होती. क्रीडा गाड्यांच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र होती. या गाड्यांची इंजिने उच्च गतीने फिरत. त्यांचे कार्ब्युरेटर व झडपा यांची जुळणी वरचेवर करावी लागे. तारांच्या आऱ्यांची चाके मध्यभागी एकाच मोठ्या नटाने बसविलेली असत व ते नट ठोकून सोडविण्यासाठी खास हातोडा लागे. बोरघाट, कात्रज किंवा भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट यांसारख्या मार्गांवर गाडी अडली, तर जवळची हत्यारे हीच चालकाची कर्मशाळा ठरे.

पुढे गाड्या अधिक भरवशाच्या झाल्या, सेवा केंद्रे वाढली आणि संच आक्रसत गेले. दोन महायुद्धांमधल्या काळात काही उच्च दर्जाच्या गाड्यांना वीस-पंचवीस हत्यारे मिळत. १९७० नंतर बहुतेक गाड्यांबरोबर जॅक, चाकाचा पाना व फार तर एखादा पेचकस एवढेच उरले. संचाच्या या आक्रसण्यात मोटारगाडीच्या व तिच्या चालकाच्या संबंधांचा इतिहासच नोंदला गेला आहे. आरंभी चालक हा अर्धा कारागीर होता. नंतर तो केवळ वापरणारा राहिला.

संचातील घटक : पूर्ण संचाचे सामान्यतः पाच गट पडतात. (१) चाके व टायर यांची साधने : जॅक व त्याचा दांडा, चाकाच्या नटाचा पाना किंवा हातोडा, टायर लिव्हर, हवेचा पंप व हवेचा दाब मोजण्याचे साधन. (२) पाने : दोन्ही टोकांना निरनिराळ्या मापांचे तोंड असलेले दुतोंडी पाने, नळीच्या आकाराचे पेटी पाने व ते फिरविण्याची सळई (टॉमी), तोंड कमी-जास्त करता येणारा स्क्रू पाना. (३) प्रज्वलन व इंधन यांची साधने : ठिणगी गुडदीचा पाना, फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या (फीलर गेज), वितरकाच्या संपर्कबिंदूंसाठीचा लहान पेचकस. (४) वंगणाची साधने : ग्रीस गन व तेलाची बुधली. (५) सर्वसाधारण हत्यारे : पक्कड, पेचकस, हातोडा व इंजिन हाताने फिरविण्याचा हँडल. याशिवाय सुट्या ठिणगी गुडद्या, दिव्यांचे गोळे, फ्यूज व पंख्याचा पट्टा अशा वस्तू काही उत्पादक देत.

हातोड्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. मध्यवर्ती नटाचे ‘कान’ क्रोमियमचा मुलामा दिलेले असल्याने पोलादी हातोड्याने ते विद्रूप होतात. म्हणून एका बाजूस तांबे व दुसऱ्या बाजूस कच्चे चामडे असलेला हातोडा ब्रिटिश गाड्यांबरोबर देत. बर्मिंगहॅमच्या थॉर या उत्पादकाचे असे हातोडे विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमांच्या सुमारास काही बाजारपेठांसाठी या नटांचे बाहेर आलेले कान काढून टाकण्यात आले व ते फिरविण्यासाठी नटावर बसणारे स्वतंत्र साधन देण्यात येऊ लागले. अर्थात, कान नसलेल्या नटांच्या जॅग्वार ई-टाइप गाडीत असे साधन नसून नुसता हातोडाच असेल, तर तो संच दुसऱ्या, आधीच्या गाडीचा असण्याची शक्यता बळावते. गाडीचा उत्पादनकाल व हत्याराचा प्रकार यांची अशी सांगड घालणे हे या अभ्यासाचे पहिले सूत्र होय.

मापपद्धती : कोणता पाना कोणत्या गाडीचा, हे ठरविताना आट्यांच्या व नटांच्या मापपद्धतीचे ज्ञान अपरिहार्य ठरते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेल्या ब्रिटिश पद्धतीत आट्याचा कोन ५५° असतो. या पद्धतीच्या पान्यावरील अंक तोंडाची रुंदी दाखवीत नाही. तो पाना ज्या बोल्टच्या नटाला बसतो, त्या बोल्टचा व्यास दाखवितो. उदा., ‘१/४ डब्ल्यू’ असा ठसा असलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०·५२५ इंच (सु. १३·३ मिमी.) असते. १९०८ मध्ये प्रमाणित झालेल्या ब्रिटिश बारीक आट्यांच्या (बीएसएफ) बोल्टचे डोके त्याच व्यासाच्या व्हिटवर्थ बोल्टपेक्षा एका मापाने लहान असल्याने हाच पाना ५/१६ बीएसएफ बोल्टला बसतो व त्यावर बहुधा दोन्ही ठसे आढळतात. अमेरिकन पद्धतीत आट्याचा कोन ६०° असून पान्यावर तोंडाची प्रत्यक्ष रुंदी दिलेली असते. ब्रिटिश व्यवहारात तिला ‘एएफ’, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतर, असे चिन्ह देतात. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकीकृत आट्यांची पद्धत मान्य केली आणि त्यानंतरच्या दशकात ब्रिटिश गाड्या क्रमाक्रमाने तिच्याकडे वळल्या. यूरोप खंडातील गाड्यांत मेट्रिक मापे रूढ होती.

या नियमांना लक्षणीय अपवाद आहेत आणि नवशिके संग्राहक तेथेच फसतात. एमजी टीसी (उत्पादन १९४५–४९, एकूण १०,००१ गाड्या) या ब्रिटिश क्रीडा गाडीच्या १,२५० घ. सेंमी. इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ मापांची आहेत. याचे कारण ऐतिहासिक आहे. मॉरिस उद्योगाला इंजिने पुरविणारा कॉव्हेंट्रीचा हॉचकिस कारखाना मूळ फ्रेंच कंपनीचा होता व त्याची यंत्रसामग्री मेट्रिक आटे पाडणारी होती. मॉरिस यांनी तो १९२३ मध्ये विकत घेतल्यावर आटे तसेच ठेवले. मात्र ब्रिटिश ग्राहकाजवळच्या पान्यांनी काम व्हावे म्हणून डोकी व्हिटवर्थ मापांची केली. इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत एवढेच ऐकून एखाद्याने टीसीसाठी मेट्रिक पाने जमविले, तर ते अस्सल नसतील आणि उपयोगीही पडणार नाहीत. १३·३ मिमी. नटावर १४ मिमी.चा पाना सैल बसतो व नटाचे कोपरे गोल करून टाकतो. ज्या गाडीचे नट असे झिजलेले असतात, तिचा मूळ संच फार पूर्वीच हरवला असावा, असे अनुमान अनुभवी मिस्तरी केवळ नटांकडे पाहून करतात.

देशपरत्वे वैशिष्ट्ये : ब्रिटिश मोटार उत्पादक हत्यारे स्वतः बनवीत नसत, ती प्रामुख्याने बर्मिंगहॅम व आसपासच्या परिसरातील हत्यारउत्पादकांकडून घेत. त्यामुळे एकाच गाडीच्या संचात अनेक नावे आढळतात. स्क्रू पान्यांवर ‘किंग डिक’, जॅकवर ‘शेली’, ग्रीस गनवर ‘टेकॅलेमिट’, टायर लिव्हरवर ‘डनलॉप’ आणि प्रज्वलनाच्या साधनांवर ‘लुकास’ ही नावे वारंवार भेटतात. हत्यारे गुंडाळपिशवीत असत. एमजीच्या टी मालिकेत ती इंजिनाच्या मागील आडव्या पत्र्याजवळच्या पेटीत ठेवीत, तर जॅग्वार मार्क २ या वेगवान चारदारी गाडीत संचाची गोल पेटी जादा चाकाच्या पोकळीत बसविलेली असे.

जर्मन संचांत एकविधता अधिक असते. रेमशाइट हे गाव हत्यारांच्या घडाईसाठी प्रसिद्ध असून तेथील हॅझेट (स्थापना १८६८) व गेडोरे (स्थापना १९१९) या उत्पादकांची हत्यारे जर्मन गाड्यांबरोबर येत. पोर्शे ३५६ च्या पिशवीतील दुतोंडी पान्यांवर उत्पादकाच्या नावाबरोबर ‘डीआयएन ८९५’ हा जर्मन मानक क्रमांक आढळतो. जॅक बिलश्टाइन या उत्पादकाचा असतो. हा मानक क्रमांक पुढे बदलला गेला. त्यामुळे नंतरच्या मानकाचा ठसा असलेला पाना १९५० च्या दशकातील गाडीत असल्यास तो बदलीचा समजावा. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख असलेले हत्यार १९४९ पूर्वीचे असू शकत नाही, हाही एक साधा पण निर्णायक निकष आहे. इटालियन गाड्यांपैकी फेरारीच्या संचांत यूएसएजी या उत्पादकाची हत्यारे परिचित आहेत. फेरारी गाड्या अल्प संख्येने तयार होत व संचातील घटक थोड्या-थोड्या काळाने बदलत; त्यामुळे त्यांचे संच ओळखणे सर्वांत अवघड व सर्वांत महागडे काम मानले जाते.

ओळखण्याची पद्धत : मूळ संचाची ओळख एका पुराव्यावर ठरवीत नाहीत. पुढील सहा कसोट्या क्रमाने लावणे इष्ट असते. (१) लेखी पुरावा : गाडीबरोबरची माहितीपुस्तिका व उत्पादकाची सचित्र सुट्या भागांची यादी यांत संचातील वस्तू व त्यांचे भागक्रमांक दिलेले असतात. मात्र अशी यादी कोणत्या सांगाडा क्रमांकांना लागू आहे, हे पाहावे लागते. उत्पादकांच्या अभिलेखागारांकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांत सामान्यतः इंजिन क्रमांक, रंग व रवानगीची तारीख असते. हत्यारांची यादी नसते. म्हणून त्या प्रमाणपत्रावरून संच अस्सल ठरत नाही. (२) मापपद्धती : वर सांगितल्याप्रमाणे. (३) उत्पादकाचा ठसा : अक्षरांचे वळण, ठशाची जागा, अक्षरे उठावाची की खोल, हे पाहतात. एकच उत्पादक निरनिराळ्या दशकांत निरनिराळे ठसे वापरीत असे. (४) पृष्ठभाग : युद्धपूर्व व युद्धोत्तर सुरुवातीच्या काळातील अनेक साध्या हत्यारांवर काळा मुलामा वा रंग असे, पुढे कॅडमियम, निकेल किंवा क्रोमियम यांचा लेप रूढ झाला. (५) घडाई : मूळ पाने घडीव पोलादाचे असतात व त्यांच्या कडेला साच्याच्या दोन भागांमधून बाहेर आलेले जादा पोलाद छाटल्याची रुंद पट्टी दिसते. ओतीव नकलेत तीऐवजी बारीक, उंचावलेली शिवण व पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे आढळतात. (६) परस्परसंगती : संच एकत्र राहिला असेल, तर सर्व वस्तूंवरील गंज, तेलाचे डाग व झीज यांत नाते असते.

शेवटची कसोटी सर्वांत उपेक्षित आणि तरीही पुष्कळदा सर्वांत विश्वसनीय असते. वर्षानुवर्षे एकाच कप्प्यात राहिलेला पाना पिशवीच्या कापडावर तेलाची व गंजाची सावली उमटवितो. रिकाम्या कप्प्यातील अशा सावलीवरून हरवलेल्या हत्याराची लांबी व तोंडाचा आकार सांगता येतो. समजा, एका पिशवीत सहा कप्पे आहेत, पाच पाने एकाच उत्पादकाचे व सारख्या गंजाचे आहेत आणि सहावा चकचकीत असून त्याखालची सावली त्याच्याहून आखूड आहे. सहावा पाना योग्य उत्पादकाचा असला, तरी तो या संचाचा नाही, हे येथे निश्चितपणे म्हणता येते. म्हणूनच पिशवी धुऊन ‘स्वच्छ’ करणे म्हणजे पुरावा पुसून टाकणे होय.

भारतातील परिस्थिती : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानिक व मुंबईतील धनिक यांनी अनेक उत्तम क्रीडा गाड्या आणविल्या. मराठी परंपरेतील संस्थानांपैकी इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर (१९०८–६१) यांचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो. त्यांच्यासाठी तयार झालेली ड्यूसेनबर्ग एसजे ही अधिभारित (सुपरचार्ज्ड) गाडी, आठ सिलिंडरांचे सु. ६·९ लिटर इंजिन आणि नारिंगी-काळ्या रंगाचे बाह्यांग यांमुळे जगप्रसिद्ध आहे. तिचा सांगाडा अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे तयार झाला व बाह्यांग लंडनच्या गर्नी नटिंग या कर्मशाळेने १९३५ च्या सुमारास बांधले. अशा गाडीच्या संचाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : यांत्रिक भागांसाठी अमेरिकन मापांची हत्यारे आवश्यक ठरतात, तर ब्रिटिश बांधणीच्या बाह्यांगावर ब्रिटिश मापांचे स्क्रू व नट असणे स्वाभाविक आहे. दोन देशांत बनलेल्या गाडीला एका देशाच्या यादीचा निकष पुरत नाही. ही गाडी पुढे भारताबाहेर गेली. कोल्हापूरच्या शाही दसरा सोहळ्यात दिसणारी छत्रपती घराण्याची मेबॅक ही क्रीडा गाडी नव्हे. तथापि एखादी जुनी गाडी एकाच घराण्यात व एकाच कामात टिकून राहिली की तिची साधने व तिच्याविषयीचे ज्ञान यांना आधार मिळतो, याचे ते महाराष्ट्रातील परिचित उदाहरण आहे.

मुंबई हे दीर्घकाळ आयात गाड्यांचे प्रमुख बंदर होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली आणि वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन होऊन कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध आले. १९५३ मध्ये शासनाने देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांना आवरते घेण्यास सांगितले. याचे दोन परस्परविरोधी परिणाम झाले. नव्या गाड्या दुर्मिळ झाल्याने जुन्या गाड्या मोडीत न निघता मिस्तरींच्या कौशल्यावर दशकानुदशके धावत राहिल्या. परंतु परदेशी हत्यारेही दुर्मिळ झाल्याने गाडीतला किंग डिकचा पाना किंवा लुकासचा पेचकस गुंडाळपिशवीत पडून राहिला नाही. तो मिस्तरीच्या पेटीत गेला, रोजच्या कामात झिजला व अखेर भंगारात निघाला. यूरोपात संच हरवले ते दुर्लक्षामुळे. आपल्याकडे हरवले ते उपयोगामुळे.

भंगारात निघालेली अशी हत्यारे मुंबईच्या चोर बाजारात, विशेषतः मटन स्ट्रीटच्या परिसरात, कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात संग्राहकांना मिळत आली आहेत. तेथे ती गाडीच्या नावाने नव्हे, तर वजनावर वा मापावर विकली जातात. विक्रेत्याला त्यांचे मूळ ठाऊक नसते; त्यामुळे वरील कसोट्यांचे ज्ञान असलेल्याला दुर्मिळ वस्तू अल्प किंमतीत मिळू शकते. परंतु संचातून सुटलेल्या वस्तूचा इतिहास कायमचा तुटलेला असतो, याचे भान ठेवावे लागते.

भारतीय संचांत नंतर घातलेली हत्यारे ओळखण्यास काही स्थानिक निकष उपयुक्त आहेत. वजने व मापे यांविषयीचा १९५६ चा कायदा झाल्यावर देशात मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली व मेट्रिक पाने सर्वत्र मिळू लागले. नाशिक येथील तापडिया टूल्सने १९६९ मध्ये स्वीडिश तांत्रिक सहकार्याने हत्यारांचे उत्पादन सुरू केले. १९४९ च्या एमजी गाडीत या उत्पादकाची पक्कड सापडली, तर ती मूळची नाही हे उघड आहे. पण त्यावरून ती गाडी १९६९ नंतरही वापरात व दुरुस्तीत होती, हे मात्र कळते. नंतरची वस्तू अस्सल नसली, तरी गाडीच्या इतिहासाचा पुरावा असू शकते. तिला फेकून न देता वेगळी नोंद करून ठेवावी.

प्रतिकृती व बनावट : मूळ संचांना मागणी वाढल्याने त्यांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. प्रतिकृती करणे हे गैर नव्हे. तिला मूळ म्हणून विकणे हे गैर होय. काही उत्पादक प्रतिकृतीवर स्वतःचे चिन्ह ठेवतात. हे चिन्ह नंतर घासून काढलेले असल्यास त्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट व लेप पातळ दिसतो. जुने पण साधे पाने घेऊन त्यांवर नवा ठसा मारण्याचा प्रकारही आढळतो. अशा वेळी ठशाच्या खोलीत गंज नसतो. भोवती मात्र असतो. कृत्रिम रीत्या आणलेला गंज सर्वत्र सारखा व भुकटीसारखा असतो. कालांतराने आलेला गंज हाताळणीच्या जागी विरळ व कोनाकोपऱ्यांत दाट असतो. यांहून फसवा प्रकार म्हणजे ‘जमविलेला संच’. यातील प्रत्येक वस्तू अस्सल असते, परंतु त्या निरनिराळ्या गाड्यांतून गोळा केलेल्या असतात. असा संच योग्य त्या काळाचा म्हणून स्वीकारता येतो. ‘गाडीबरोबरचा मूळ’ म्हणून नव्हे. या दोन वर्णनांतील भेद कागदोपत्री जपणे हे संग्राहकाच्या प्रामाणिकपणाचे गमक मानले जाते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० पासून भरणारे गाड्यांचे सौंदर्यप्रदर्शन, दिल्लीत १९६४ मध्ये सुरू झालेली स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची फेरी, मुंबईत २००८ मध्ये भरलेले कार्टियर प्रदर्शन यांसारख्या उपक्रमांमुळे अस्सलपणाचे महत्त्व वाढले. गुणदानात संचाच्या पूर्णतेचा विचार अनेक क्लब करतात. दुर्मिळ इटालियन गाड्यांचे संच तर गाडीविना, स्वतंत्रपणे हजारो डॉलरांना लिलावात विकले जातात. याचा एक अनिष्ट परिणाम असा की, संच गाडीपासून वेगळा करून विकणे फायद्याचे ठरते. ज्या पुराव्यामुळे गाडीला प्रतिष्ठा येते, तोच पुरावा बाजाराच्या ओढीने तिच्यापासून तुटतो. भारताच्या निर्यात धोरणात १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेल्या मोटारगाड्यांबरोबर त्यांचे सुटे भागही निर्बंधित वस्तूंत घालण्यात आले, यामागे हाच धोका होता. मात्र पिशवीत मावणारी वस्तू कायद्यापेक्षा मालकाच्या विवेकावरच अधिक अवलंबून असते.

जतन : महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील दमट व खारट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा हे पोलादाचे व चामड्याचे मोठे शत्रू होत. हत्यारे मूळ पिशवीत कायम ठेवणे दिसायला योग्य वाटते, पण चामडे ओल धरते व त्यातील आम्ले पोलादाला खातात. म्हणून पिशवी व हत्यारे वेगवेगळी, कोरड्या जागी ठेवून केवळ प्रदर्शनाच्या वेळी एकत्र आणावी. चिकट तेल व मळ केरोसिनने भिजविलेल्या मऊ फडक्याने पुसावा. ठसे असलेल्या जागी तारेचा ब्रश, सँडपेपर व फिरते चाक वापरू नये. सैल गंज तेल लावून व मऊ पितळी वा लाकडी पट्टीने हळूहळू काढावा आणि नंतर आम्लरहित तेलाचा वा मेणाचा पातळ थर द्यावा. नव्याने क्रोमियमचा मुलामा देणे टाळावे. त्याने मूळ लेपाचा पुरावा नष्ट होतो व ठशांच्या कडा बोथट होतात. कॅडमियमचा लेप असलेली हत्यारे घासू वा तापवू नयेत. त्या धातूची भुकटी व वाफ विषारी असते. जुन्या जॅकच्या बळावर गाडीखाली जाणे धोक्याचे आहे. संचातील जॅक जतन करण्याची वस्तू समजावी व प्रत्यक्ष कामासाठी नवा जॅक आणि पक्के आधार वापरावेत.

जतनाइतकीच नोंदीची गरज असते. प्रत्येक वस्तूचे मोजपट्टीसह छायाचित्र, लांबी, तोंडाचे प्रत्यक्ष माप, दोन्ही बाजूंवरील ठसे, लेप, वजन, ती कोठून व केव्हा मिळाली आणि कोणत्या गाडीशी तिचा संबंध पुराव्याने सिद्ध होतो, ही माहिती एका वहीत लिहावी. आंतरराष्ट्रीय पुरातन वाहन महासंघाने (स्थापना १९६६) २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्यूरिन सनदेत बदललेले भाग ओळखता येतील अशा खुणा करण्याचे तत्त्व मांडले आहे. ते हत्यारांनाही लागू पडते. नंतर घातलेल्या वस्तूला न दिसेल अशा जागी बारीक खूण केल्यास पुढच्या अभ्यासकाची फसगत टळते.

महत्त्व : मूळ हत्यारसंच हा गाडीच्या निर्मात्याने तिच्या चालकाकडून काय अपेक्षिले होते, याचा लेख असतो. कोणता भाग वारंवार सैल होईल, कोणत्या दुरुस्तीसाठी मालकाला कारागिराकडे जावे लागू नये आणि कोणती दुरुस्ती त्याने करूच नये, हे त्या पाच-पंचवीस वस्तूंच्या निवडीवरून वाचता येते. भारतीय संचात त्यावर आणखी एक थर चढलेला असतो. तो म्हणजे आयात थांबल्यानंतर ती गाडी चालती ठेवणाऱ्या मिस्तरीच्या हातांचा. तोंड पसरविलेला पाना, भट्टीत घालून पुन्हा वळविलेला टायर लिव्हर, बाभळीच्या लाकडाचा नवा दांडा बसविलेला तांब्याचा हातोडा या वस्तू प्रदर्शनातील गुण कमी करतील. पण मोटारगाडीच्या भारतीय इतिहासाचे त्या प्रथम दर्जाचे साधन आहेत. मूळ व नंतरचे यांतील भेद स्पष्टपणे नोंदवून दोन्ही राखून ठेवणारा संग्रह हाच अभ्यासाच्या दृष्टीने पूर्ण संग्रह होय. रिकामा कप्पा खोट्या वस्तूने भरण्यापेक्षा रिकामाच ठेवणे केव्हाही श्रेयस्कर ठरते.